भरल्या गाडीतला डबा

रिकामी गाडी आली की माझी बायको डबा पदराआड धरून मागं सरायची. आणि दारापर्यंत माणसं लोंबकळत असलेली गाडी दिसली की हात करत पुढं पळायची. आमची पोरगी अकरावी-बारावीच्या क्लासला लातूरला होती, ती दोन वर्षं मी हा तमाशा रोज सकाळी फाट्यावर उभा राहून बघितला.

पोरगी तिकडं खोली करून राहायची. मेसचं जेवण तिला पचायचं नाही, म्हणून गावाकडून डबा जायचा. आमच्या भागात यात काही नवं नाही. क्लासच्या पोरांचे डबे गावोगावहून एसटीनं लातूरला जातात. डबा फडक्यात बांधायचा, वर पोराचं नाव लिहिलेली चिठ्ठी खोचायची आणि ड्रायव्हरच्या बाजूला इंजनाच्या झाकणावर ठेवून द्यायचा. लातूरच्या स्टँडवर पोरं उभीच असतात, आपापला डबा ओळखून घेऊन जातात.

आमच्या फाट्यावरून सकाळी दोन गाड्या लातूरला जायच्या. पुढची कंधारची, निम्मी रिकामी. तिच्या मागून नांदेडची, खचाखच. शहाण्या माणसानं डबा कशात ठेवावा? मी म्हणायचो, "अगं चढीव की, जागाच जागा हाय." ती म्हणायची, "त्या गाडीत धूळ लई येती." दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "तिचा डायवर उडीवतो, वरण सांडतं." पुन्हा एकदा विचारलं तर म्हणाली, "तुम्ही गप हुबे ऱ्हावा. भाकरी तुम्ही थापल्या काय?" एका प्रश्नाला इतकी उत्तरं. त्यातलं खरं कोणतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि तेव्हा त्याची फिकीरही वाटली नाही. पोरीला भाकरी पोचत होती, बस झालं.

बायको गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी वारली. ताप आला आणि तापातच गेली. डॉक्टरनं दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते मी विसरलो. लक्षात ठेवून करायचं काय.

दिवसकार्य झाल्यावर पोरीनं मला लातूरला आणलं. पोरगी आता इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवते, जावई बँकेत. दोघं सकाळी बाहेर पडली की मी आणि चौथ्या मजल्यावरची गॅलरी. खाली दुचाक्यांवर क्लासची पोरं पाठीला पिशव्या लावून पळत राहतात. मी बघत राहतो. सातवी शिकलेला माणूस, जन्म शेतात गेला. पेपर वाचून झाला की बोटं कशाला लावावीत तेच कळत नाही.

पोरगी बऱ्याच वर्षांपासून नांदेडच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय काय, ते मला कधीच सांगता आलं नाही. कुणी विचारलं की मी म्हणायचो, कम्प्युटरचं काहीतरी आहे. तिच्या मायला मात्र ती रोज फोनवर सांगायची, आणि माय "हं, हं, मग?" करत भाकऱ्या थापायची. माय गेली तशी पोरीनं लॅपटॉप मिटला तो मिटलाच. महिने गेले. मग तिच्या गाईडचा फोन आला. मुदत वाढवून वाढवून संपली होती. आता तोंडी परीक्षा दिली तर दिली, नाही तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि मला सोफ्यावर बसवलं.

"अण्णा, मी बोलते. तुम्ही ऐका."

"मला काय कळणार त्यातलं?"

"मायला तरी कुठं कळायचं? पण ती ऐकायची."

बसलो.

"काचेची तार असती, केसासारखी बारीक," ती म्हणाली.

"म्हाईत हाय. आपल्या फाट्यावरच पुरलीय. माझा बांध उकरला त्यांनी, तो अजून तसाच हाय."

"हाव, तीच. तिच्यातून उजेड जातो. फोनवरलं बोलणं, फोटो, पिक्चर, समदं उजेडाचं करून पाठवतात. आणि एकाच तारेतून लई रंगांचा उजेड एकदम जातो. एक रंग म्हंजे एक वाट. तिला आम्ही चॅनल म्हणतो. ते रंग डोळ्याला दिसत न्हाईत, पण समजायला आपण लाल, हिरवा, निळा म्हणू."

"दिसत न्हाईत तर रंग कसले?"

"अण्णा, पुढं जाऊ द्या."

"जाऊ दे."

"आता अडचण काय, तर उजेडाला थांबवून ठेवता येत न्हाई. मोंढ्यात धान्याचं पोतं आलं तर वजनाचा काटा मोकळा होईपर्यंत बाजूला थप्पी लावता येती. उजेडाची थप्पी लागत न्हाई."

"कंदिलावर टोपलं झाकलं तर?"

"तर तो टोपल्यातच मुरला. परत काढून पुढं पाठवता येतो का?"

मी विचार केला. येत नाही. एवढं कळलं.

"म्हणून काय करतात, तर माल निघायच्या आधी एक बारका निरोप पुढं पाठवतात. माझ्या मागं इतका माल येऊन राहिलाय, अमुक टायमाला पोचतोय, एक वाट मोकळी धरा. आणि उत्तराची वाट न बघता मागून माल सोडून देतात."

"उत्तर न घेता?"

"हाव."

"आन् पुढं वाटच मोकळी नसली तर?"

"तर माल गेला. नाहीसा झाला. पुन्हा पहिल्यापासून पाठवायचा."

"मग असला धंदा करता कशाला?"

"कारण बहुतेक येळा पोचतो, आणि लई लवकर पोचतो. आता माझं काम कुठं येतं ते ऐका. मधल्या नाक्यावर मशीन असती. निरोप आला की तिनं ठरवायचं, ह्या मालाला कोणत्या रंगाची वाट द्यायची. पापणी लवायच्या आत ठरवायचं. एका वाटंवर मघापासून कुणीच न्हाई, मोकळी पडलीय. दुसरीवरून कुणाचा तरी माल आत्ता चाललाय, पण आपला पोचायच्या जरासं आधी तो निघून जातो. मग कोणती द्यायची?"

"मोकळी पडलेली. येड्यालाबी कळतं."

"न्हाई अण्णा. दुसरी."

"कामून?"

"दुसरी दिली तर मधी फुकट जागा उरत न्हाई. एका मागोमाग एक माल बसतो. आणि मोकळी वाट मोकळीच राहती, मधीच कुणाचा माल आला तर त्याला कामाला येती. मोकळी दिसली की दे, मोकळी दिसली की दे, असं केलं तर समद्या वाटांवर बारक्या बारक्या भेगा पडतात आणि मोठा माल कशातच मावत न्हाई."

मी डोकं खाजवलं. शेतात दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधली जागा फुकट जाऊ नये म्हणून आम्ही काय काय करतो, ते मला माहीत आहे. पण ते जमिनीचं. हे उजेडाचं, तेही न दिसणाऱ्या रंगांचं. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि माझ्या तोंडावर काही उगवत नव्हतं.

मग तिनं लॅपटॉपवर एक चित्र आणलं. लाल एसटी, आणि खाली इंग्रजीत दोन ओळी.

"हे काय?"

"मायची गाडी. ती रिकामी गाडी सोडून भरलेलीत डबा ठेवायची, ते मी क्लासच्या दिवसांत बघितलंय. सुट्टीहून परत जाताना फाट्यावर यायचे न मी, तवाबी तसंच. हा प्रश्न मला तिथंच पडला. ह्यात मी लिहिलंय की रिकामी गाडी दुसऱ्यांसाठी राहू द्यावी हे माझ्या मायला आधीच ठाऊक होतं, आणि माझी पद्धत मी तिच्याकडून घेतली."

मला एकदम राग आला. का आला ते मला आजही सांगता येत नाही.

"हे खोटं हाय," मी म्हणालो.

"खोटं कसं?"

"तुझी माय काय शास्त्र करायची तिथं? धूळ येती म्हणायची ती. वरण सांडतं म्हणायची."

"ते तुम्हाला सांगायची. मनात काय होतं, तुम्हाला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग खोटं कशावरून?"

"खरं कशावरून?"

"तुम्ही रोज होता तिथं!"

"व्हतो म्हणूनच म्हणून राहिलो! आन् गाडी म्हंजे काय तुझ्यात? वाट का माल?"

"गाडी म्हंजे वाट. डबा म्हंजे माल."

"आन् रस्ता?"

"रस्ता म्हंजे तार."

"मग भरली गाडी म्हंजे भरलेली वाट की! भरलेल्या वाटंत माल कसा मावंल? तूच म्हणली, दुसरा माल निघून जातो. नांदेडच्या गाडीतून कोण उतरून जात व्हतं फाट्यावर? उलट चार चढायचे."

माझा सवाल बरोबर होता का मूर्खपणाचा, हे मला कळलं नाही. तिनं लॅपटॉप मिटला. जावई आतून बाहेर आले, आमच्या दोघांची तोंडं बघून परत आत गेले. संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून पाठमोरी म्हणाली, "त्या लोकांपुढं मला हुबं राहायचंय, अण्णा. लई दिवस झाले, तोंडातून शब्द फुटत न्हाई. तिला संगं घेतलं तर बोलता येईल असं वाटलं होतं."

मला पोरीची परीक्षा व्हायला हवी होती. पण मेलेल्या बाईच्या तोंडात आपण शब्द घालायचे, आणि ती उठून "मी असं म्हणलेच न्हाई" असं सांगू शकत नाही, हेही मला सोसवेना. खरं काय ते सांगू शकणारा तिच्यामागं मी एकटा, आणि मलाच माहीत नाही.

तूर काढायला आली होती, त्या निमित्तानं गावाकडं आलो. तूर बटईवाल्यानंच काढली. मी आपला विचारत फिरलो.

आमच्या शेजारी एक अक्का आहे. तिची दोन्ही पोरं त्याच वर्षांत लातूरला शिकायला होती, डबे बरोबरच जायचे. अक्का अंगणात तुरी पाखडत बसली होती.

"अक्का, एक इचारायचं व्हतं. आमची ही भरल्या गाडीतच डबा कामून ठेवायची?"

अक्कानं सूप खाली ठेवलं आणि मला खालून वर बघितलं. "बाई व्हती तवा इचारलं न्हाई, आन् आता घरोघर इचारून राहिले व्हय?"

"इचारलं की. धूळ येती म्हणली."

"मग आसंल धूळ."

"अक्का, खरं सांग."

ती हसली. मग डोळ्याला पदर लावला, मग पुन्हा हसली. "मला म्हणायची, रिकाम्या गाडीत डबा एकटा ऱ्हातो. खड्ड्यात कलंडला तर उचलायचा कुणी? भरल्या गाडीत कोन्ती ना कोन्ती बाई मांडीवर घेती. एकदा एक बाई लातूरपस्तोर डबा मांडीवर घिऊन गेली म्हनं. पोरीच्या हातात देताना म्हणली, तुझ्या मायच्या भाकरीच्या वासानं मला भूक लागली बाई."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. आन् कोन सांगंल?"

"मला न्हाई सांगितलं."

"तुमी तिथं भांडत हुबे ऱ्हायचे, भाऊ. भांडणाऱ्या मान्साला कोन मांडीचं सांगंल? तुमाला धूळ सांगितली, मला मांडी सांगितली. पोरीला आजून काय सांगितलं आसंल तर तिलाच ठावं."

"मग तुझा डबा कशात जायचा?"

"माझा? रिकाम्या गाडीत. मला कुठं तिच्यावानी दम हाय हुबं ऱ्हायला."

घरी येऊन मी खाटेवर बसलो. आता मांडी खरी का धूळ खरी? अक्कानं मनानं जुळवलं असेल का? ती तशी गोष्टी जुळवणारी बाई आहे. आणि समजा मांडीच खरी, तर पोरीचं मशीन गेलं. मशिनीला मांडी कुठली?

म्हणून ठरवलं की आपण स्वतः करून बघावं. म्हाताऱ्याला खुळ लागलं म्हणा. दुसऱ्या दिवशी उठून पिठलं केलं. भाकरी मला थापता येत नाही, दोन अक्काकडून आणल्या. डबा फडक्यात बांधला आणि पोरीला फोन केला, "डबा येऊन राहिलाय, स्टँडवर जाऊन घे."

"अण्णा, डबा? आता? कशाला?"

"इचारू नको. घे."

फाट्यावर जाऊन उभा राहिलो. जुन्या टपऱ्या गेल्यात, रस्ता मोठा झालाय. पण कंधारची गाडी अजून पुढं आणि नांदेडची मागंच. कंधारची आली, रिकामीच. थांबली. कंडक्टर दारातून म्हणाला, "चला काका, चला, मागं जागा हाय."

"मला न्हाई यायचं."

"मग डबा द्या."

"डबाबी न्हाई द्यायचा ह्या गाडीत."

"मग गाडीला हळदकुकू लावाया आलाव काय?" आतली माणसं हसली. घंटी वाजली, गाडी गेली.

मी थांबलो. बायको जिथं थांबायची, तिथंच लिंबाखाली. नांदेडची गाडी लांबून दिसली, भरलेली. मी हात केला. डबा वर धरला. रस्त्यात पुढं झालो. गाडी थांबलीच नाही. ड्रायव्हरनं हातानंच मागं खूण केली, मागून दुसरी येते म्हणून, आणि माझ्या अंगावर सगळी धूळ उडवून गाडी गेली.

मी तिथंच उभा. मग बायकोसाठी ती गाडी रोज कशी थांबायची? तिचा हात बघून? का तेव्हाचे ड्रायव्हर वेगळे होते? एक प्रश्न सोडवायला गेलो तर दुसरा पदरात पडला.

तासाभरानं फोन वाजला. पोरगी स्टँडवर येऊन थांबली होती. "कंधारची गाडी आली अण्णा. तिच्यात डबा न्हाई."

"तिच्यात ठेवलाच न्हाई."

"मग नांदेडच्या गाडीत हाय का?"

"ती थांबलीच न्हाई. भरलेली व्हती."

फोनात नुसता श्वास ऐकू येऊ लागला. मला वाटलं, रडते का काय. पण ती हसत होती. माय गेल्यापासून पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं.

"निरोप पोचला आणि माल गेला," ती म्हणाली. "ह्याला आमच्यात ड्रॉप म्हणतात, अण्णा."

"गेला कुठं? माझ्या हातात हाय की डबा. कोमट हाय अजून."

"मग तर जगात कुणाला जमलं न्हाई ते तुम्ही केलं. माल थांबवून धरला."

मीही हसलो. एकटाच रस्त्याच्या कडेला, धुळीनं भरलेला. मग तिनंच विचारलं, "अक्काला विचारलं का मायचं?" मी मांडीचं सांगितलं. लातूरपर्यंत डबा घेऊन गेलेल्या त्या बाईचंही सांगितलं.

"आठवती का तुला तशी बाई?"

"लई बायांनी हातात दिलाय डबा," ती म्हणाली. "कोण काय म्हणली ते आठवत न्हाई." मग म्हणाली, "म्हंजे माझं चुकलं."

"चुकलं असं कुठं म्हणतोय मी? मला काहीच कळून न्हाई राहिलं."

"पण आता मी तिथं काय बोलू?"

मी म्हणालो, "मी नांदेडला येतो." ते पिठलं मी तिथंच लिंबाखाली बसून खाल्लं. मीठ जास्त झालं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी परस्पर नांदेडला गेलो. विद्यापीठ गावाबाहेर आहे. विचारत विचारत पोचलो. पोरगी दालनाबाहेरच्या बाकावर बसली होती, हातात पाण्याची बाटली, झाकण उघडत होती आणि लावत होती. जावई आत पडद्याचं बघत होते. मला बघून ती उठली.

"सांगू का नको, अण्णा? ते चित्र अजून काढलेलं न्हाई. पण खालच्या ओळी पुसल्यात."

गाडीत मी हाच विचार करत आलो होतो. विचार म्हणजे काय, घोळ नुसता. तरी तोंडातून आलं ते असं आलं: "जे घडलं ते सांग. तिनं रिकामी गाडी सोडली, हे घडलं. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, कुणाचीबी शपथ घेऊन सांगतो. कामून सोडली, ते सांगू नको."

"पण कामून, हाच तर समदा विषय हाय."

"तुझ्या मशिनीचं कामून तू सांग. ते तू शिकलीस. तिचं कामून आपल्यापाशी न्हाई."

ती बाटलीचं झाकण लावत हळूच म्हणाली, "मला एक वाटतं. पुढची गाडी सोडली की मागची येईपर्यंत तुम्ही दोघं तिथं हुबे राहायचात. कदाचित तिला तेवढंच पाहिजे असंल."

"काय डोंबलाचं!" मी म्हणालो. "आमची भांडणं व्हायची तिथं. अक्कालाबी ठावं हाय."

आतून हाक आली. ती तोंड धुऊन आली आणि आत गेली. सांगणार का नाही सांगणार, काही बोलली नाही.

मी मागच्या रांगेत बसलो. पुढं परीक्षा घ्यायला आलेले साहेब, कुठले तरी दक्षिणेकडचे, आणि शेजारी तिचे गाईड. पोरगी इंग्रजीत बोलायला लागली. पहिल्यांदा आवाज अडकत होता, ते मला भाषा न कळताही कळलं. पडद्यावर रंगीत रेघा होत्या. रेघांवर लहानमोठे ठोकळे येऊन बसायचे. एखादा ठोकळा कुठंच बसायचा नाही आणि लाल होऊन नाहीसा व्हायचा. त्याच्यावर साहेबांनी काही विचारलं, पोरीनं उत्तर दिलं, साहेबांनी पुन्हा विचारलं.

खरं सांगायचं तर माझं लक्ष तिथं नव्हतं. तिनं बाहेर बाकाशी जे म्हटलं ते डोक्यात घोळत होतं. आम्ही फाट्यावर भांडायचो, हे खरं. पण घरी भांडायचो का? घरी तिला वेळच नसायचा. पहाटे शेण, मग चूल, मग रान, मग पुन्हा चूल. दिवसभरात तिच्या हाताला काम नाही आणि माझ्याही हाताला काम नाही, असा वेळ तेवढाच. मग ती काय भांडायला थांबायची? भांडायला कुणी थांबतं का? मी हे उलटून पालटून बघितलं आणि बाजूला ठेवलं, कारण त्यातही मी तिच्या तोंडात शब्दच घालत होतो. पोरीला नको म्हणालो आणि स्वतः तेच करून राहिलो.

तेवढ्यात पडद्यावर लाल एसटी आली. खाली ओळ नव्हती, नुसती गाडी. पोरगी इंग्रजी बोलता बोलता थांबली. बाटलीतलं पाणी प्यायली. मग मराठीत म्हणाली:

"माझी माय मला लातूरला डबा पाठवायची. फाट्यावर आधी रिकामी गाडी यायची, ती सोडून द्यायची आणि मागच्या भरल्या गाडीत डबा ठेवायची. का ठेवायची, ते मला माहीत नाही. माझ्या वडलांनाही माहीत नाही. ती आता नाही. पण सुट्टीहून परत जाताना फाट्यावर उभी राहून मी पहिल्यांदा विचार केला, की मोकळी जागा दिसत असताना माणूस ती का घेत नाही. हे सगळं काम त्या प्रश्नापासून सुरू झालं. उत्तर माझं आहे. प्रश्न तिच्या डब्याचा आहे."

गाईडनी साहेबांना ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, मान वळवून मागं बघितलं आणि मला हिंदीत विचारलं, तुम्ही त्यांचे वडील का? मी उठलो. आमच्याकडं हिंदी कुणाला शिकवावी लागत नाही, जन्मतःच येते, जशी येते तशी. ते म्हणाले, तुमचा तरी काय अंदाज आहे, त्या असं का करायच्या?

सगळे माझ्याकडं बघत होते. पोरगीही. मी म्हणालो, "साब, मेरे को बोली धूल आती. पडोसन को बोली कोई औरत गोद में लेती. बेटी का मशीन कुछ और बोलता. मेरे को मालूम नहीं. सब सच होंगा, नहीं तो एक भी नहीं होंगा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न पोरीला विचारला, तो पुन्हा इंग्रजीत. आता तिचा आवाज अडकत नव्हता. पडद्यावर परत ठोकळे आले, ती हातानं दाखवत होती, एकदा तर साहेबांनाच मधे थांबवून तिनं आपलं म्हणणं पुरं केलं. बरोबर बोलत होती का चूक, ते मला कळायचा काही मार्ग नव्हता.

मग आम्हाला बाहेर काढलं, परत आत बोलावलं, आणि साहेबांनी तिच्या नावाच्या आधी डॉक्टर लावून हाक मारली. टाळ्या वाजल्या. जावयांनी पेढ्यांचा पुडा सोडला. सगळे पुढं तिच्याभोवती जमले होते. ती त्यांच्यातून वाट काढत मागं आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"बरोबर सांगितलं का मी?"

"मला इंग्रजी काय कळतंय?"

"मराठीतलं विचारून राहिले, अण्णा."

"ते बरोबर व्हतं," मी म्हणालो.